लाजपत नगरच्या कोरियन केंद्रात शिकायला जाण्याआधी

दिल्लीतलं कोरियन सांस्कृतिक केंद्र लाजपत नगरमध्ये आहे. कोरिया सरकारने ते २०१२ साली सुरू केलं. पुण्याहून जाणार असाल तर हजरत निजामुद्दीनला जाणारी गाडी पकडा, गोवा एक्सप्रेसही चालेल. तिथून मेट्रोच्या पिंक लाइनवर लाजपत नगर तिसरं स्टेशन. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून आदल्या दिवशीच पोहोचा. निघण्याआधी फोन करून केंद्र उघडं आहे ना ते विचारून घ्या. ओळखपत्र, फोटो जवळ असू द्या.

खरी तयारी मात्र घरीच करायची आहे. हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, लिहा-वाचायला शिकून जा. मूळ अक्षरं फक्त २४ आहेत, १४ व्यंजनं आणि १० स्वर. कोरियाचा राजा सेजोंग याने १४४६ साली ही लिपी जाहीर केली. त्यात ‘न’चा आकार म्हणजे वरच्या दातांमागे टेकलेली जीभ, ‘म’चा चौकोन म्हणजे तोंड. शाळेत आपण कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य घोकलं, तेच इथे डोळ्यांना दिसतं. मला या लिपीचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच वाटतं.

सरावाला गणिताची चौकटीची वही घ्या. ‘हान’ लिहिताना ह डावीकडे, आ उजवीकडे आणि न खाली, असे तिघंही एकाच चौकटीत बसतात. रेघी वहीत अक्षरं पसरतात आणि ती सवय नंतर मोडत नाही.

व्याकरणाला घाबरू नका. ‘मुल’ म्हणजे पाणी, त्याला द्वितीयेचा ‘उल’ लागला की ‘मुरुल’, आणि ‘मुरुल माश्योयो’ म्हणजे ‘पाणी पिते’. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी. मात्र तू-तुम्हीचा फरक तिथे क्रियापदातच दिसतो, म्हणून शिक्षकांशी बोलायचे शब्द आधी पाठ करा. मोठ्यांना वस्तू देताना-घेताना दोन्ही हात पुढे करा.

हानबोक, म्हणजे कोरियन पारंपरिक पोशाख, घालून पाहायचा बेत असेल तर आत अंगासरसा साधा कपडा घाला. मोजे धुतलेले असावेत, तायक्वांदोला जाणार असाल तरी जोडे काढावेच लागतात.

शेवटी स्वतःचं नाव हांगुलमध्ये लिहून ठेवा. ‘प्र’सारखं जोडाक्षर तिथे नाही, मध्ये ‘उ’सारखा स्वर घालावा लागतो, त्यामुळे प्रियाची ‘फुरिया’ होते. वर्गात हाक त्याच नावाने येणार, तेव्हा ते घरीच चार वेळा मोठ्याने म्हणून पाहा.