टायमिंग बेल्ट कधी बदलायचा? मुंबईत गाडी चालवणाऱ्यांनी या चुका टाळा

टायमिंग बेल्ट तुटण्याआधी बहुतेक वेळा काहीच कळू देत नाही. सकाळी गाडी नेहमीसारखी सुरू होते, पिकअप ठीक असतो, डॅशबोर्डवर एकही दिवा नसतो आणि चालता चालता इंजिन एकदम बंद पडतं. क्रँकशाफ्टची (पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा) गती कॅमशाफ्टला (वॉल्व्ह उघडणारा-मिटणारा दांडा) देणं हे या बेल्टचं काम. तो गेला की कॅम जागीच थांबतो, काही वॉल्व्ह उघडे राहतात आणि वर येणारे पिस्टन त्यांच्यावर आदळतात. हल्लीच्या बहुतेक डिझेल आणि बऱ्याच पेट्रोल इंजिनांत वॉल्व्ह उघडा असताना पिस्टनला पूर्ण वर यायला जागाच नसते. वॉल्व्ह वाकले की हेड, म्हणजे वॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागतं, आणि ते बिल बेल्टच्या कामाच्या कितीतरी पट असतं. म्हणून लक्षणांची वाट न बघता हिशेब करून बेल्ट बदलायचा असतो. मुंबईत नेमका हा हिशेबच चुकतो.

आधी आपल्या इंजिनात बेल्ट आहे की चेन, ते नक्की करा; पुढचं सगळं बेल्टवाल्या इंजिनांसाठी आहे. मारुतीची के-सिरीज पेट्रोल इंजिनं, स्विफ्ट-डिझायरचं १.३ डिझेल आणि होंडा सिटीचं आय-व्हीटेक यांत चेन आहे. इनोव्हाचं जुनं २.५ डिझेल, डस्टर-टेरानोचं १.५ डिझेल, इकोस्पोर्टचं १.५ डिझेल, पोलो-व्हेंटो-रॅपिडचं १.५ डिझेल, हॅरियर आणि कंपासचं २.० डिझेल, टायगुन-कुशाकची टीएसआय इंजिनं, जुनी आल्टो ८०० आणि सँट्रो झिंग यांत बेल्ट. मॉडेलच्या नावावर जाऊ नका. एस-क्रॉसच्या १.३ डिझेलला चेन होती आणि १.६ डिझेलला बेल्ट.

चूक: फक्त किलोमीटर मोजणं

कंपनीच्या पुस्तकात साधारण ६० हजार ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यानचा एक आकडा असतो आणि सोबत वर्षं दिलेली असतात. जे आधी येईल ते धरायचं. मुंबईत मात्र किलोमीटर हे इंजिनाच्या कामाचं खरं माप नाही. अंधेरीहून लोअर परळला गर्दीच्या वेळी निघालात तर सुमारे १८ किलोमीटरला सव्वा तास सहज जातो. इंजिन सरासरी १,३०० आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) फिरलं असं धरलं तर क्रँकचे साडेसत्त्याण्णव हजार फेरे झाले, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५,४००. तीच गाडी एक्सप्रेसवेवर ताशी ९० ने आणि २,२०० आरपीएमवर धावली तर किलोमीटरला जेमतेम १,५०० फेरे पडतात. शहरातला एक किलोमीटर बेल्टला तिथल्या साडेतीन किलोमीटरइतका पडतो. त्यात सिग्नलला उभ्या गाडीत बॉनेटखाली वारा खेळत नाही, एसी चालूच असतो आणि ती गरमी रबर सोसत राहतं. एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये एसी लावून तासन् तास उभ्या राहणाऱ्या टुरिस्ट गाड्यांचा ओडोमीटर तर त्या वेळात हलतही नाही.

यावर सोपा उपाय आहे. ट्रिप कॉम्प्युटरमध्ये सरासरी वेग दिसतो, त्याने किलोमीटरला भागा. ५०,००० किलोमीटर आणि सरासरी १८ असेल तर इंजिन जवळपास २,८०० तास चाललंय. सरासरी ४५ असती तर तेवढेच किलोमीटर १,१०० तासांत झाले असते. ही सरासरी मध्येच शून्य केलेली नसावी, निदान दोन-तीन महिन्यांची असावी. पुस्तकातला आकडा मिश्र वापर धरून काढलेला असतो, त्यामुळे त्याला थेट साडेतीनने भागायची गरज नाही. सरासरी २० च्या खाली असेल तर पुस्तकी किलोमीटरमधून पाव भाग कमी करा, असा आमचा सल्ला आहे. एक लाख लिहिलं असेल तर ७५ हजारांना बदला. पुस्तकात कठीण वापरासाठी वेगळा तक्ता असेल तर त्यातलाच आकडा धरा, कारण मुंबईचा वापर त्याच सदरात बसतो.

वर्षांना मात्र सूट देऊ नका. सोसायटीत उभी राहून सात वर्षांत २५ हजार किलोमीटर झालेल्या गाडीचा बेल्टही सात वर्षांचाच असतो.

चूक: “बघितला, चांगला दिसतोय”

वरचं कव्हर काढून बेल्टला चिरा नाहीत म्हणून आणखी वर्षभर चालवायचा, हे फार धोक्याचं आहे. आताच्या बेल्टचं रबर उष्णतेला टिकणारं असतं, त्यावर चिरा फार उशिरा दिसतात किंवा दिसतच नाहीत. ताण पेलतात त्या आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या. त्या बाहेरून दिसत नाहीत. दात मुळाशी सैल झालेत की नाही, तेही बेल्ट काढून उलट्या बाजूला हलकेच वाकवल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा काढलेला बेल्ट परत बसवायचा नसतो. बघून “बदला” असं ठरवता येतं: कडांचे दोरे सुटलेत, पाठ चकचकीत झालीय, तेल लागलंय. “चालेल” असं मात्र बघून ठरवता येत नाही.

चूक: आवाजाची वाट बघणं

पहिल्या पावसात एसी लावल्यावर चीं चीं करतो तो बाहेरचा, अल्टरनेटर-एसीचा बेल्ट. टायमिंग बेल्ट असा ओरडत नाही. कव्हरच्या आतून घर्र किंवा गुणगुण ऐकू आली तर बहुतेक वेळा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर (बेल्टला वाट देणारी पुली) किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग जातंय असं समजा. ते जाम झालं की धडधाकट बेल्टही दात गमावतो.

जुनी गाडी घेताना याच गोंधळाचा फटका बसतो. विकणारा “बेल्ट बदललाय” म्हणतो आणि बिलात असतो बाहेरचा बेल्ट. बिलावर टायमिंग किट, तारीख आणि किलोमीटर नसतील तर बदललेला नाही असंच धरा आणि गाडी ताब्यात आल्यावर पहिलं काम हे करा.

चूक: नुसता बेल्ट बदलणं

पैसे मुख्यतः मजुरीत जातात, कारण इंजिनाचा माउंट सोडवून, पुली काढून आत शिरावं लागतं. मग ८० हजार किलोमीटर चाललेला टेन्शनर आत ठेवून काय वाचवलं? बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि कंपनीने एकदाच वापरायला सांगितलेले बोल्ट असं पूर्ण किट घ्या. डस्टरच्या १.५ डिझेलसारख्या इंजिनात वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तिथे पंप आणि कूलंटही सोबतच बदला. कॅम किंवा क्रँकचं ऑइल सील गळत असेल तर आधी ते बदला. तेल रबर फुगवतं, नवा बेल्टही त्यात टिकणार नाही. किट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून घ्या, ऑपेरा हाऊसजवळून घ्या किंवा सर्व्हिस सेंटरमधून, पार्ट नंबर इंजिन नंबरशी जुळवा आणि पक्कं बिल घ्या.

चूक: खुणांच्या भरवशावर बसवणं

जुन्या बेल्टवर आणि पुलीवर पांढऱ्या रंगाच्या खुणा करून नवा चढवणारे मेकॅनिक अजून आहेत. आधीच एक दात सरकलेला असेल तर ती चूक तशीच पुढे जाते. कॅम आणि क्रँक लॉक करायच्या पिना त्या इंजिनासाठीच्या हव्यात. काही इंजिनांत क्रँकची पुली फक्त बोल्टच्या दाबावर धरलेली असते, तिथे टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) न वापरता अंदाजाने आवळलं की टायमिंग सरकतं. टेन्शनर थंड इंजिनावरच सेट करायचा. त्यानंतर पिना काढून क्रँक हाताने, पान्याने, चालत्या दिशेला पूर्ण दोन फेरे फिरवायचा. त्यात कॅमचा एक फेरा होतो. पिना परत सहज बसल्या पाहिजेत. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका, वॉल्व्ह लागतोय. हे तपासण्याआधी सेल मारू देऊ नका. काम झाल्यावर रनिंग थरथरतं, पिकअप कमी वाटतो किंवा स्कॅनरवर पी००१६ कोड (कॅम आणि क्रँकचा मेळ चुकल्याचा) येतो, तर एखाद्या दाताचा फरक राहिला आहे का ते आधी बघायला लावा.

पाण्यातून गाडी काढली असेल तर

हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, या पावसात पाणी तुंबणाऱ्या जागा. पाणी क्रँक पुलीच्या वर गेलं असेल तर कव्हरच्या आत गाळ शिरतो. कव्हर धुळीपासून वाचवतं, पण ते पाणबंद नसतं. रेती दातांत अडकते आणि बेअरिंगमधलं ग्रीस धुतलं जातं. अशा वेळी कव्हर उघडून बघा. आत चिखल दिसला तर किलोमीटर कितीही असोत, किट बदला. बदलायची वेळ जवळ आलीच असेल तर काम मे महिन्यात उरका.

बेल्ट तुटल्यावरची चूक

इंजिन अचानक बंद पडलं आणि सेल नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतोय, तर बेल्ट गेल्याची शक्यता मोठी आहे. पुन्हा सेल मारू नका, धक्का स्टार्ट तर अजिबात नको. प्रत्येक फेऱ्याला आणखी वॉल्व्ह वाकू शकतात. गाडी धावत असतानाच असं झालं तर लगेच क्लच दाबून न्यूट्रल करा, नाहीतर चाकंच क्रँक फिरवत राहतील. स्टीअरिंग जड होईल. ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरताच उरतो, म्हणून पेडल पंप न करता एकदाच दाबून धरा. घाटात हे फार महत्त्वाचं आहे. चावी ऑनला ठेवा म्हणजे स्टीअरिंग लॉक होणार नाही. कडेला येऊन टो मागवा.

गॅरेजमध्ये नवा बेल्ट टाकून “चालू होतं का बघू” असं म्हणू देऊ नका. नवा बेल्ट चढवून क्रँक हाताने फिरवायचा, मग प्रत्येक सिलिंडरची लीक टेस्ट करायची, म्हणजे आत हवा भरून ती गळते का ते बघायचं. एखाद्यात हवा धरत नसेल तर हेड उतरवावंच लागतं.

इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टसारख्या तेलात फिरणाऱ्या बेल्टची गोष्ट वेगळी आहे. तिथे चुकीच्या ग्रेडचं किंवा उशिरा बदललेलं तेल बेल्टचा चुरा करतं आणि तो चुरा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. ऑइलचा दिवा लागला की इंजिन तिथेच बंद करा.

काम झाल्यावर जुने सुटे भाग मागून घ्या आणि तारीख, किलोमीटर व किटचा पार्ट नंबर लिहिलेला स्टिकर बॉनेटच्या आत चिकटवून घ्या.