सिअ‍ॅटलच्या मोर्चांत आणि कलामेळ्यांत नव्याने जाणाऱ्यांसाठी

आधी एकच गोष्ट सांगते, बाकीचं मागाहून. मोर्चात, जत्रेत, दुकानाच्या दारात कोणीही पॅड आणि पेन पुढे केलं तर कागद पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका. व्हिसावर असाल तर वाचूनही बहुतेक वेळा करू नका. का, ते पुढे सविस्तर येईल.

मी २००८ साली मिरजेहून इथे आले, नवऱ्याच्या नोकरीमागे, एच-४ म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर. कॉलेजात असताना आम्ही पथनाट्यं करायचो. एसटी स्टँडसमोर डफ वाजवायचा, माणसं जमली की हुंडा, पाणी, रॉकेलची रांग, जो विषय असेल तो करायचा. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं घर, लायब्ररी आणि शनिवारी कोणाकडे तरी पावभाजी, एवढंच चाललं होतं. आज नवीन येणारी मुलंमुली तेच करताना दिसतात आणि ‘इथे काही घडतच नाही’ म्हणतात. घडतं, पुष्कळ घडतं. पण आपल्यातले बहुतेक राहतात बेलव्ह्यू-रेडमंड या उपनगरांत आणि ते घडतं तळ्याच्या पलीकडे, सिअ‍ॅटल शहरात. गाडी घेऊन गेलात तर पार्किंगमध्येच जीव जातो. ऑर्का कार्ड घ्या आणि बसने किंवा रेल्वेने जा. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही, त्यामुळे मुलांना घरी ठेवायचं कारण उरत नाही.

हे शहर समजून घ्यायचं असेल तर दोन इमारती पाहून या. बीकन हिलवर ‘एल सेंट्रो दे ला रासा’ आहे. १९७२ मध्ये बंद पडलेली शाळा होती ती. इंग्रजीचे वर्ग बंद झाले म्हणून लॅटिन अमेरिकन वंशाचे शिक्षक, विद्यार्थी आणि त्यांची कुटुंबं आत शिरली आणि थंडीत तिथेच मुक्काम ठोकून बसली. शहराला शेवटी इमारत द्यावी लागली. आज तिथे बालवाडी आहे, अन्नवाटप आहे, उत्सव होतात. दुसरी डिस्कव्हरी पार्कमधली ‘डेब्रेक स्टार’. १९७० मध्ये बर्नी व्हाइटबेअर आणि मूळ अमेरिकन रहिवासी फोर्ट लॉटन या लष्करी तळाच्या कुंपणावरून आत गेले आणि आमची जमीन आम्हाला द्या म्हणाले. त्यातून हे सांस्कृतिक केंद्र उभं राहिलं. जुलैमध्ये तिथे पाउवाउ, म्हणजे मूळ रहिवाशांचा मेळा भरतो, ढोलाभोवती नाच होतो. ढोल वाजत असताना आपण सवयीने मध्ये घुसून नाचायला लागतो, तसं करू नका. सगळ्यांना बोलावलं जातं तेव्हा निवेदक सांगतो. फोटोही विचारून काढा.

१९१९ मध्ये या शहरात पासष्ट हजार कामगारांनी सार्वत्रिक संप केला होता. १९९९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्यांत पोलादकामगार होते आणि समुद्री कासवांचे पोशाख घातलेले पर्यावरणवालेही होते. इथल्या मोर्चात मुखवटे, मोठ्या बाहुल्या, बँड का असतात, ते त्यावरून कळेल. कला ही इथे मोर्चाची सजावट नसते, मोर्चा तिच्यातूनच बोलतो. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा शाहिरांच्या डफावर उभ्या राहिल्या हे ज्याने घरात ऐकलंय, त्याला हे परकं वाटणार नाही.

सुरुवात कुठून करायची? जानेवारीतला तिसरा सोमवार. मार्टिन ल्यूथर किंग दिनाला सुट्टी असते आणि गारफिल्ड हायस्कूलमध्ये सकाळी कार्यशाळा, मग सभा, मग मोर्चा असतो. स्वतः किंग १९६१ मध्ये सिअ‍ॅटलला एकदाच आले होते, तेव्हा ते या शाळेतही बोलले होते. परवानगीचा, शिस्तीचा, आजी-नातवंडांचा मोर्चा असतो. पहिला मोर्चा तोच करा. पाऊस असणारच. छत्री नेऊ नका, गर्दीत लोकांच्या डोळ्यांत जाते; टोपीचं जाकीट घाला.

मे महिन्याच्या शेवटी सिअ‍ॅटल सेंटरला ‘फोकलाइफ’ हा लोककलांचा मेळा असतो, १९७२ पासून. प्रवेश विनामूल्य, देणगी ऐच्छिक. याबद्दल मला आपल्या लोकांना स्पष्ट सांगायचंय. इथे पुष्कळ ठिकाणी ‘जमेल तेवढं द्या’ पद्धत असते, पाच डॉलरपासून पन्नासपर्यंत. पाचचा पर्याय भांडी घासून पोट भरणाऱ्यासाठी आहे. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणारी चार माणसं पाच-पाच डॉलर देऊन पहिल्या रांगेत बसलेली मी पाहिली आहेत, आणि मला त्याची लाज वाटली. गावाकडे आपण गणपतीची वर्गणी ऐपतीप्रमाणे देतो, इथेही तशीच द्या.

आता माझ्या सगळ्यात लाडक्या जागेकडे येते. फ्रीमाँट नावाची वस्ती आहे. जूनमध्ये सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास तिथे सॉल्स्टिस परेड निघते. १९८९ पासून चालू आहे, फ्रीमाँट आर्ट्स कौन्सिल ती करते. तिचे नियम ऐका: छापील किंवा लिहिलेला शब्द नको, कंपनीचं चिन्ह नको, इंजिनाची गाडी नको, जनावर नको. अपंगांच्या खुर्चीची मोटर तेवढी चालते. आम्ही पाच-सहा मराठी जणी पहिल्यांदा गेलो तेव्हा उत्साहाने मोठा फलक रंगवून नेला होता, ‘पाणी सर्वांचं’, दोन भाषांत. तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं, शब्द चालत नाहीत. मला राग आला. ज्या माणसाने आयुष्यभर घोषणा दिल्या त्याच्या हातून घोषणाच काढून घ्यायची?

मग आठवडाभर आम्ही विचार करत राहिलो. शेवटी दहा फुटी बाई केली, बांबूचा सांगाडा, वर कागदाचा लगदा. डोक्यावर एकावर एक सात हंडे. वरचा हंडा भरलेला, खालचे सगळे तडकलेले, आणि मागे निळ्या साड्यांची लांबलचक नदी धरून चालणारी मुलं. विसर्जनाचा रथ ढकलावा तशी आम्ही ती हातांनी ढकलली. कडेला उभी असलेली एक म्हातारी मेक्सिकन बाई आमच्याकडे पाहून रडली. तिला मराठी येत नव्हतं, मला स्पॅनिश येत नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या नियमाची बाजू घेते. फलक लिहिला की आपलं काम झालं असं वाटतं आणि पुढचा विचार थांबतो.

परेडच्या आधी काही आठवडे कौन्सिलच्या ‘पॉवरहाउस’ नावाच्या जागेत लोक रथ बांधत असतात, तिथे कोणीही जाऊ शकतं. गेल्यावर आपल्या कल्पना सांगत बसू नका. कात्री घ्या, गोंद कालवा, झाडू मारा. इथली माणसं तोंडाने फार गोड असतात, ‘आपण भेटलंच पाहिजे’ म्हणतात आणि भेटत नाहीत. माझ्या मैत्रिणी यावरून खूप दुखावल्या गेल्या. मनाला लावून घेऊ नका. लागोपाठ तीन आठवडे त्याच दिवशी, त्याच टेबलापाशी जाऊन उभं राहायचं. चौथ्या आठवड्यात ते तुमचं नाव घेऊन हाक मारतात, आणि मग ती मैत्री टिकते. अजून एक: परेडच्या सुरुवातीला अंगाला रंग लावलेले नग्न सायकलस्वार असतात. मुलांना आणि भारतातून आलेल्या आईवडिलांना आधी सांगून ठेवा.

बैठकीची रीत थोडी वेगळी आहे. सुरुवातीला ही जमीन दुवामिश आणि इतर मूळ रहिवाशांची असल्याचं म्हटलं जातं. त्या वेळी फोन खाली ठेवा. शहराला ज्यांचं नाव आहे ते चीफ सिअ‍ॅटल त्यांचेच, आणि तरीही दुवामिशांना संघराज्य सरकारची मान्यता मिळालेली नाही. ओळख करून देताना लोक स्वतःला तो, ती की ते म्हणायचं ते सांगतात. मराठीत तर क्रियापदालाही बहुतेकदा लिंग चिकटलेलं असतं, आपल्याला हे पटकन समजायला हवं. जेवण नेलंत तर पदार्थावर चिठ्ठी लावा. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट आहे हे मी एकदा लिहिलं नव्हतं आणि एका मुलाला दवाखान्यात न्यावं लागलं. शेंगदाणे, काजू, तूप, गहू, सगळं मोठ्या अक्षरांत लिहा.

आता सहीचं. २०१३ च्या उन्हाळ्यात एका मेळ्यात मी मुलीला कडेवर घेऊन उभी होते. एक हसतमुख तरुण आला, पॅड पुढे केलं, ‘आमच्यात सामील व्हा’ म्हणाला. मला वाटलं, कार्यक्रमांची माहिती पाठवणारी यादी आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख लिहिली, सही केली. तो मतदार नोंदणीचा अर्ज होता. ‘मी अमेरिकेची नागरिक आहे’ ही चौकट घाईत रिकामी राहिली, एवढ्यानेच मी वाचले. निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा पोटात गोळा आला. मी नागरिक नाही, अर्ज रद्द करा, असं लेखी कळवलं आणि सगळ्याच्या प्रती ठेवल्या. पुढे ग्रीन कार्डच्या वेळी तो कागद पुन्हा वर आला. वकिलाला अडीच हजार डॉलर गेले, एक वर्ष झोप गेली.

नागरिक नसताना नागरिक असल्याचं खोटं लिहिलं गेलं तर या देशात ग्रीन कार्डचा रस्ता कायमचा बंद होऊ शकतो, आणि ‘मला कळलं नाही’ हे कोणी सहज ऐकून घेत नाही. दुकानाबाहेर जनमताच्या प्रस्तावासाठी सह्या गोळा करतात, तीही फक्त नोंदणीकृत मतदाराची चालते. मुद्दा कितीही न्याय्य असो. तो गोळा करणारा वाईट माणूस नसतो, त्याला तुमचा व्हिसा दिसत नसतो, इतकंच. ‘मी नागरिक नाही’ हे वाक्य इंग्रजीत पाठ करा आणि न लाजता म्हणा.

पैशांचंही तसंच. व्हिसावर असताना कोणत्याही निवडणुकीतल्या उमेदवाराला देणगी देता येत नाही, वीस डॉलरही नाही. ग्रीन कार्डवर देता येते. सिअ‍ॅटल शहरात राहणाऱ्या प्रौढ ग्रीन कार्डधारकाला तर शहर पंचवीस डॉलरची चार ‘डेमोक्रसी व्हाउचर’ देतं, आवडत्या स्थानिक उमेदवाराला द्यायला. मतदारांना ती टपालाने आपोआप येतात, आपल्याला अर्ज करावा लागतो. २०२३ मध्ये मी पहिल्यांदा दिली.

एच-४ वर असलेल्या मैत्रिणींनो, लावणी करा, ढोल वाजवा, पण कामाचा परवाना नसताना मानधनाचं पाकीट घेऊ नका. दोनशे डॉलरचं ते पाकीट बेकायदा नोकरी ठरू शकतं. २०१५ पर्यंत आम्हाला तो परवाना मिळतच नव्हता. आजही सगळ्यांना मिळत नाही.

मोर्चात बोलण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. पण २०२५ मध्ये निदर्शनांत भाग घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले, हे विसरून चालणार नाही. परवानगीच्या मोर्चात जा, वकिलाचा नंबर दंडावर पेनने लिहा, पोलिसांनी ‘पांगा’ म्हटलं की लगेच निघा. रस्ता अडवण्याचं काम नागरिकांना करू द्या. त्यात भित्रेपणा नाही. स्वयंपाक, भाषांतर, मुलं सांभाळणं, मुखवटे रंगवणं, हे सगळं मोर्चाचंच काम आहे.

आपल्या माणसांबद्दल एक लिहायलाच हवं. ‘आम्ही राजकारणात पडत नाही’ म्हणणारे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटतील. तेच पुढच्या प्रश्नात आडनाव विचारतील, आडनावावरून नाही कळलं तर गाव विचारतील. २१ फेब्रुवारी २०२३ ला सिअ‍ॅटलच्या नगरपरिषदेने सहा विरुद्ध एक मतांनी जातीवरून भेदभावाला बंदी घातली. असं करणारं हे अमेरिकेतलं पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. ताशी पंधरा डॉलर किमान वेतनाच्या लढ्यातही त्या पुढे होत्या. तेव्हा ओळखीच्या घरांत मी ऐकलं की ‘इथे जात कुठे आहे, उगाच बदनामी’. त्याच घरांत कोणाच्या डब्यातलं खायचं हे ठरलेलं असायचं. ज्या मुलाने ऑफिसात चार वर्षं आडनाव सांगायचं टाळलं, तो त्या काळात माझ्या स्वयंपाकघरात बसून पहिल्यांदा मोकळं बोलला. चौदा एप्रिलला इथे आंबेडकर जयंती करणारे लोक आहेत. त्यांना शोधा, आणि पाहुण्यासारखे जाऊन बसू नका, खुर्च्या मांडायला लागा. नगरपरिषदेत बोलायला नागरिक असावं लागत नाही. नाव नोंदवायचं, एखाद-दोन मिनिटं मिळतात, म्हणून घरी घड्याळ लावून सराव करा.

एक मेला महाराष्ट्र दिन असतो आणि कामगार दिनही. अमेरिकेत कामगारांची सुट्टी सप्टेंबरमध्ये, पण इथे एक मेला स्थलांतरितांचा आणि कामगारांचा मोर्चा निघतो. मंडळाचा कार्यक्रम शनिवार-रविवारी होतो, तेव्हा दोन्ही जमतं. भाजणीच्या चकल्या घेऊन जा, त्यात दाणे नसतात आणि दोन तास चालल्यावर लोकांना भूक लागलेली असते.

सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र समान होतात त्या सुमारास ग्रीन लेक तळ्याकाठी कंदील घेऊन लोक संध्याकाळी चालतात. उन्हाळ्यात आला असाल तर तुमचं पहिलं काम ते असू दे. पतंगाचा कागद भारतातून आणला असेल तर आकाशकंदील करा, नाहीतर कुठल्याही कलासाहित्याच्या दुकानात पातळ कागद मिळतो. बांबूच्या काड्या माझ्याकडे आहेत.