लाल टोपीवालीची गोष्ट नव्याने करताना

लाल टोपीवाली (लिटल रेड रायडिंग हूड) धीट दाखवायची म्हणून तिला लांडग्यापासून वाचवणाऱ्या शिकाऱ्याच्या हातातलं हत्यार तिच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. वाचनालयात मुलांसोबत हाताने चित्रपुस्तकं करताना पालक पहिल्यांदा हेच सुचवतात. त्याने गोष्ट बदलत नाही, फक्त हत्याराचा मालक बदलतो.

आधी जुनी रूपं वाचा. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या कथेत लांडगा मुलीला खातो आणि वर उपदेश मुलींनाच! जर्मन ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात शिकारी लांडग्याचं पोट फाडून आजी-नातीला बाहेर काढतो. पण तिथेच पुढे आणखी एक प्रसंग आहे, तो बहुतेक पुस्तकं गाळतात. दुसरा लांडगा छपरावर दबा धरून बसतो. आजी म्हणते, काल सॉसेज उकडले ते पाणी दारातल्या दगडी कुंडात ओत. नात बादल्या भरभरून ओतते. वासाने लांडगा मान ताणतो, घसरतो आणि थेट कुंडात बुडतो. शिकाऱ्याची गरजच पडत नाही! मी तर हाच प्रसंग पुस्तकाच्या मधोमध घेईन.

कच्चा मजकूर झाला की मुलीच्या वाट्याची क्रियापदं अधोरेखित करा. नुसतं 'घाबरली', 'रडली', 'वाचली' एवढंच निघालं, तर पुन्हा लिहायला बसा. तिने ओळखलं पाहिजे, विचारलं पाहिजे, ठरवलं पाहिजे. भीती मात्र काढू नका. घाबरूनही बादली उचलणारी मुलगी मुलांना जास्त जवळची वाटते.

खरं काम चित्रात आहे. मजकूर कितीही बदला, चित्रात ती टोपी सावरत गोड हसत उभी असेल तर मूल तेच लक्षात ठेवतं. बाह्या वर सारलेल्या, झग्याचा काठ ओला, बादलीच्या वजनाने एक खांदा खाली, नजर छपराकडे, अशी काढा. आजीला पलंगावरून उठवा. आजीकडे न्यायची टोपली भरताना बाबा दाखवा, पण मजकुरात त्याचा उल्लेखही नको. तसंच सगळे पुरुष दुष्ट किंवा बावळट करू नका, ऐकायला मुलगेही बसलेले असतात.

लांडगा घसरायच्या आधी पान संपवा. वाचताना तिथे थांबा आणि मुलांना विचारा, "आता काय करायचं?" त्यांची उत्तरं लिहून घ्या. पुढचा मसुदा त्यावरूनच करा, आणि शेवटी तात्पर्य लिहू नका.