मानेच्या कॅन्सर शस्त्रक्रियेत रक्तस्राव थांबवताना या चुका टाळा

नवा रेसिडेंट आला की प्रश्न ठरलेला: "सर, कॉटरी चांगली की हार्मोनिक?" (कॉटरी विजेने भाजून रक्त थांबवते, हार्मोनिक अल्ट्रासोनिक कंपनांनी.) रक्तवाहिनी किती जाड, शेजारी कोणती नर्व्ह, हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे हार्मोनिकच्या जबड्यात धरलेली वाहिनी ताणणं. पातं सेकंदाला सुमारे ५५,००० वेळा कंप पावतं. त्या उष्णतेने आणि दाबाने वाहिनीच्या भिंती आधी चिकटतात, मग कापल्या जातात. ओढलंत की आधी कापलं जातं, चिकटायचं राहून जातं. मीही हे केलंय. सबमँडिब्युलर ग्रंथी (जबड्याखालची लाळग्रंथी) काढताना फेशियल आर्टरी (चेहऱ्याची धमनी) ताणून कापली. टोक कोरडं दिसलं आणि डायगॅस्ट्रिक स्नायूखाली सरकून गेलं. वरचं बीपी तेव्हा ९० होतं. खूश होऊन टाके घातले. रात्री दोनला पेशंट खोकला, बीपी १६०, मान टरारून फुगली, श्वास घरघरायला लागला. वॉर्डातच टाके उघडले आणि बोट दाबून धरूनच ओटी गाठली. तेव्हापासून फेशियलच्या हृदयाकडच्या टोकाला माझ्या सिल्कच्या दोन गाठी असतातच, यंत्र कितीही भारी असो. फ्री फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातून आणून, रक्तवाहिन्या जोडून बसवायचा ऊतींचा तुकडा) ठरला असेल तर ते टोक लांब ठेवून नुसती क्लिप लावतो. भाजलेल्या टोकाला प्लास्टिक सर्जन काय जोडणार?

कमी बीपीवर जखम बंद करू नका. भूलतज्ज्ञांना बीपी पूर्ववत आणायला आणि व्हॅल्साल्व्हा (छातीतला दाब काही क्षण वाढवणं) द्यायला सांगा. लपलेल्या शिरा तेव्हाच गळायला लागतात. ही दोन मिनिटंही काहींना जड जातात!

दुसरी माझी नावडती सवय: रक्ताच्या डबक्यात आंधळेपणाने आर्टरी फोर्सेप्स खुपसणं. हायपोग्लॉसल या जिभेच्या नर्व्हभोवतीच्या बारीक शिरा फुटल्या की हात शिवशिवतात, आणि नर्व्हच चिमटीत येते. गॉज दाबा, घड्याळ लावून पाच मिनिटं थांबा, मग सक्शन आणि बायपोलर (वीज चिमट्याच्या दोन टोकांमध्येच राहणारी कॉटरी). मधेच उचलून बघायचं नाही.

नर्व्हजवळ मोनोपोलर (वीज शरीरातून जाणारी कॉटरी) नको. हार्मोनिकचं पातं बंद केल्यावरही तापलेलं असतं, ते खांदा उचलणाऱ्या ॲक्सेसरी नर्व्हला टेकवू नका. आयजेव्हीला (मानेतल्या मोठ्या शिरेला) दोन गाठी आणि एक ट्रान्सफिक्सेशन (वाहिनीतून सुई ओवून घातलेली गाठ); फाटलीच तर आधी बोट ठेवा आणि डोक्याकडची बाजू खाली करा, नाहीतर हवा आत ओढली जाते. ट्रेकिया (श्वासनलिका) कॉटरीने उघडू नका, ऑक्सिजनमुळे भडका उडतो.

आणि "ड्रेन आहे ना" हे मला ऐकवू नका. जखमेतलं रक्त बाहेर काढणारी ही नळी गुठळीने तुंबते, बाटली रिकामी दिसते आणि मान फुगत राहते.