डिकी लागत नाही? आपटण्याआधी या चुका टाळा

ईको असो, अर्टिगा असो की इनोव्हा, मागचा दरवाजा लागेनासा झाला की तो आणखी जोरात आपटला जातो. खरे नुकसान तिथूनच सुरू होते. आपटून दरवाजा लागला तरी मूळ बिघाड तसाच राहतो. शिवाय कडी, म्हणजे लॉक ज्यात अडकते ती गाडीच्या चौकटीवरची लोखंडी कमान, तसूभर सरकते, लॉकचे बोल्ट सैल होतात, काचेला नाहक हादरे बसतात. चवथीच्या बाजाराला गाडी भरून निघायच्या दिवशीच मग डिकी दगा देते.

आधी आवाज ऐका. या लॉकमध्ये कडीला मिठी मारणारा आकडा असतो आणि तो बहुतेक गाड्यांत दोन टप्प्यांत बसतो. पहिल्या 'कट्'ला दरवाजा अडकतो, दुसऱ्याला घट्ट लागतो. एकही कट् न होता दरवाजा उसळून वर येत असेल, तर आकडा जाम आहे किंवा आधीच मिटलेला आहे. एकच कट् होऊन डॅशबोर्डवरचा 'दरवाजा उघडा' दाखवणारा दिवा जळत राहिला, तर दोष बहुधा कडीत, रबरात किंवा मध्ये अडकलेल्या वस्तूत असतो. चटईची दुमडलेली कड, सीटबेल्टचे बक्कल, नारळाच्या पोत्याचा सुंभ हे आधी पाहून घ्या.

आकडा तपासायला जाड स्क्रूड्रायव्हर पुरतो. दरवाजा उघडा ठेवून त्याची दांडी कडीसारखी लॉकच्या खाचेत दाबा. कट्, कट् असे दोन स्पष्ट आवाज यायला हवेत. मग बाहेरचे हँडल ओढून आकडा पुन्हा मोकळा करा. हे विसरून दरवाजा खाली आणला, तर मिटलेला आकडा कडीवर आदळतो आणि चांगले लॉकही वाकते. हँडल ओढूनही आकडा सुटत नसेल, तर आतली केबल किंवा दांडी निसटली आहे का ते पाहा. लॉक बटणावर उघडणारे असेल तर फ्यूज आणि वायर बघा. बिजागराजवळच्या रबरी नळीतून जाणारी वायर दरवाजाच्या रोजच्या उघडझापीने तिथेच तुटते.

गोव्यात आकडा जाम होण्याचे कारण बहुतेक वेळा मळच असतो. डिचोली-साखळीकडची तांबडी धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळून चिखलासारखी घट्ट होते. मोरजी-कळंगुटच्या किनाऱ्यावर तेच काम वाळू आणि खारा वारा करतात. इथे दोन चुका नेहमीच्या. एक, खोबरेल सोडणे. २४ अंशांच्या आसपास ते थिजते, म्हणून डिसेंबरच्या पहाटे लॉक पुन्हा अडते. दुसरी, डब्ल्यूडी-४० हा मळ सोडवणारा स्प्रे मारून तेवढ्यावर थांबणे. त्याने मळ सुटतो, पण उरलेले ग्रीसही धुऊन जाते. स्प्रे मारा, जुन्या टूथब्रशने घासा, फडक्याने कोरडे करा. मग वाटाण्याएवढे पांढरे लिथियम ग्रीस आकड्याला लावून स्क्रूड्रायव्हरने दहा वेळा मिटवा-उघडा.

आता कडी. लोक सर्वाधिक घाई इथेच करतात. बोल्ट सैल करण्याआधी कडीच्या पट्टीभोवती मार्करने रेघ मारा. ही खूण नसेल तर मूळ जागा पुन्हा सापडत नाही. कडीला खडू चोळून दरवाजा हलकेच लावा आणि उघडा. खडू एकाच बाजूने पुसला गेला असेल, तर कडी आडवी सरकली आहे. दुसरा कट् होण्यासाठी तळहाताने दाबावे लागत असेल, तर कडी दरवाजाच्या दिशेने बाहेर घ्या. दरवाजा लागूनही खड्ड्यांत खडखडत असेल, तर ती आत घ्या. एका वेळी १ मिलिमीटर, फार तर २. बोल्ट पूर्ण काढू नका, कारण काही गाड्यांत मागची नटची पट्टी मोकळी असते आणि आत पडते. हातोडीने कडी वाकवणे तर मुळीच नको.

कडी हलवण्याआधी कोपऱ्यांतले रबरी स्टॉपर मात्र तपासा. ते फिरवून आत-बाहेर होणारे असतील आणि जास्त बाहेर आले असतील, तर दोन्ही बाजूंचे अर्धा-अर्धा फेरा आत घ्या. दरवाजाच्या कडेचे रबर, म्हणजे बीडिंग, नुकतेच बदलले असेल, तर त्याचा आकार जुन्या तुकड्याशी ताडून बघा. बाजारात मीटरवर मिळणारे जाड बीडिंग दरवाजाला मागे ढकलते. सगळ्या काचा बंद असतानाच डिकी अडते आणि एक काच खाली केली की सहज लागते, असे असेल तर आतली हवा बाहेर पडत नाही. बहुतेक गाड्यांत मागच्या बंपरआड हवा सोडणाऱ्या झडपा असतात, त्या साफ करा.

शॉकरवर, म्हणजे उघडा दरवाजा वर धरून ठेवणाऱ्या वायूच्या नळ्यांवर, खापर फोडण्यात अर्थ नसतो. थकलेला शॉकर दरवाजा वर धरत नाही, पण लागायला सहसा आड येत नाही. आड येतो तो चुकीच्या ताकदीचा नवा शॉकर. बदलताना जोडीनेच बदला, गाडीच्या पार्ट नंबरचाच घ्या आणि आधी दरवाजाला भक्कम लाकडी टेकू द्या. दरवाजा बंद असताना दांडी खालच्या बाजूला येईल असा तो बसवा, म्हणजे आतले सील तेलात राहते. जुना शॉकर कापू किंवा भोसकू नका, त्यात प्रचंड दाबाचा वायू असतो.

काम झाल्यावर कागदाची पट्टी बीडिंगवर ठेवून डिकी लावा आणि ओढा. दहा-बारा ठिकाणी ती सारखीच अडायला हवी. जिथे सैल सरकते तिथून पावसाचे पाणी आत येईल. दोन्ही बाजूंच्या फटीच मुळात कमी-जास्त दिसत असतील, तर बिजागर किंवा बॉडी सरकली आहे. ते डेंटरचे काम, कडी हलवून जमणार नाही.

दुरुस्ती होईपर्यंत डिकी दोरीने बांधून म्हापशाहून फोंड्यापर्यंत जाऊ, असे म्हणू नका. अर्धवट उघड्या डिकीतून सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अगदी नाइलाजच असेल तर डिकी घट्ट आवळा, पुढच्या काचा पूर्ण खाली करा, पंखा बाहेरच्या हवेवर ठेवा, मागच्या सीटवर कोणाला बसवू नका आणि सर्वांत जवळचे गॅरेज गाठा.