मॅट प्रिंटवरची दुधट साय

कॉटन रॅग (सुती तंतूंच्या) मॅट कागदावर पिगमेंट, म्हणजे रंगकणांच्या, शाईने काढलेला कृष्णधवल प्रिंट दिसतो झकास, पण त्याचा गडद भाग फार नाजूक. ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या रात्रीच्या फोटोत पाऊण कागद काळा. वर ठेवलेला दुसरा कागद जरा सरकला तरी करडा ओरखडा उमटायचा. म्हणून वर पारदर्शक संरक्षक थर द्यायला सॉल्व्हंटवाल्या (उडून जाणाऱ्या द्रावकाच्या) ॲक्रिलिक वार्निशचा स्प्रे आणला.

जुलैत स्प्रे मारला की काळ्यावर दुधट साय धरायची. सॉल्व्हंट भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतला ओलावा तिथेच बसतो. घोडबंदर रोडला पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! बंद एसी खोलीत फवारायचं तर वासाने डोकं उठतं, शिवाय ती वाफ पेट घेणारी.

शेवटी काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दुपारवर ढकललं. प्रिंट आदला दिवसभर एसीत उघडा ठेवला. शाईतलं ग्लायकॉल, म्हणजे हळूहळू उडणारा द्रव, तेही उडायला हवं. तिथून गार कागद थेट बाल्कनीत नेला तर दव धरणार, म्हणून आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून बाहेरच्या तापमानाला येऊ दिला. मग साधारण 25 सेंटीमीटरवरून पातळ हात, एक आडवा, सुकल्यावर एक उभा. बटण कागदाच्या कडेबाहेरच दाबायचं आणि बाहेरच सोडायचं, नाहीतर पहिला थेंब नेमका फोटोतल्या आकाशात पडतो. मॅट कागद ओला चकाकला, तर हात जड झाला समजा.

काळा आता जरा खोल दिसतो, ओरखडेही सहज पडत नाहीत. जुलैतल्या दुधट प्रिंटवर असाच एक हलका हात दिला, तर साय बरीचशी विरघळली.