झॅबिक्समध्ये प्रॉब्लेम दिसतो पण मेल येत नाही – माझा अनुभव
स्विच बंद पडला की झॅबिक्सच्या (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) डॅशबोर्डवर प्रॉब्लेम दिसायचा पण मेल येईना, आणि मीडिया टाइपचं (मेल पाठवायच्या सेटिंगचं) टेस्ट बटण दाबलं की मात्र मेल बरोबर यायचा. पासवर्ड, मेलचा 587 पोर्ट, फायरवॉल सगळं तपासलं, दोन रात्री डोकं पिकलं.

शेवटी हे चाललं. आधी मेनूत अलर्ट्स, अ‍ॅक्शन्स, ट्रिगर अ‍ॅक्शन्स, हे उघडलं, तिथली तयार अ‍ॅक्शन (प्रॉब्लेम आला की काय करायचं तो नियम) सुरुवातीला बंदच असते ती चालू केली आणि ऑपरेशन्समध्ये आपला युजर ग्रुप घातला. मग युजरच्या मीडिया टॅबमध्ये ईमेल टाकून सिव्हिरिटी (प्रॉब्लेम किती गंभीर त्या पातळ्या) टिक केल्या, खालचं अपडेट बटण दाबायचंच नाहीतर सेव्ह होत नाही. मग स्विच ज्या होस्ट ग्रुपमध्ये (डिव्हाइसच्या गटात) आहे त्याची रीड परमिशन युजर ग्रुपला दिली, खरी गोम इथेच होती, ती नसली तर मेल निघतच नाही. केबल काढून बघितली, अ‍ॅक्शन लॉगमध्ये सेंट आलं.